शाळेची सनद : गणित, विज्ञान आणि भाषा

(मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे प्रतिनिधी यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग आहे.)



संयोजकांनी मला दिलेला विषय परदेशातील आहे. अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’ या नावाच्या सार्वजनिक शाळा गेल्या तीन दशकांत मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांतील बऱ्याच शाळांनी गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांवर विशेष भर दिला. अशी शाळा कशी स्थापन होते आणि तिच्यापासून आपण काय घ्यावे, हे मी सांगावे अशी अपेक्षा आहे. परदेशातील शाळांची वर्णने ऐकून नुसते थक्क होण्यात काही हशील नाही. म्हणून प्रथम ती व्यवस्था काय आहे ते पाहू, नंतर तिचे यशापयश तपासू आणि शेवटी आपल्या गावच्या शाळेकडे वळू.

सनद म्हणजे काय?

‘चार्टर’ या शब्दाला मराठीत सनद हा जुना आणि नेमका शब्द आहे. वतनाच्या आणि इनामाच्या सनदा आपल्या परिचयाच्या आहेत. मात्र या दोन सनदांत एक मोठा फरक आहे. इनामाची सनद पिढ्यान्‌पिढ्या चाले. शाळेच्या सनदेला मुदत असते. ती बहुधा तीन ते पाच वर्षांची असते आणि मुदत संपली की शाळेला आपल्या कामाचा हिशेब देऊन ती पुन्हा मिळवावी लागते.

अमेरिकेत सर्वसाधारण सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थेकडून चालविल्या जातात. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते. शिक्षकांच्या नेमणुका, वेळापत्रक आणि खर्च यांविषयीचे निर्णय तेथे होतात आणि बहुधा मुलाच्या राहत्या पत्त्यावरून त्याची शाळा ठरते. सनदी शाळा या चौकटीच्या बाहेर असते. शिक्षक, पालक किंवा एखादी संस्था तिची योजना मांडते. कायद्याने अधिकार दिलेले मंडळ, विद्यापीठ किंवा राज्यस्तरीय यंत्रणा ती योजना तपासून सनद देते. शाळेला सार्वजनिक निधी मुख्यतः विद्यार्थिसंख्येनुसार मिळतो. तिला शिक्षणशुल्क घेता येत नाही आणि धार्मिक शिक्षण देता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सोडत काढावी लागते. या बंधनांच्या मोबदल्यात तिला नेमणुका, वेळापत्रक आणि अध्यापनपद्धती यांबाबत मोकळीक मिळते.

ही कल्पना प्रथम व्यापाऱ्यांनी मांडलेली नाही, हे येथे जमलेल्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांनी शिक्षकांच्या गटांना सनद देण्याचा विचार मांडला. १९८८ च्या मार्च महिन्यात शिक्षक संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टन येथील भाषणात त्याला व्यापक रूप दिले. शिक्षकांनी एकत्र येऊन नवी पद्धत करून पाहावी, तिचा लेखाजोखा द्यावा आणि जे साधेल ते इतर शाळांना शिकवावे, असा त्यांचा आशय होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. त्याने सबंध राज्यात केवळ ८ शाळांना वाव ठेवला होता आणि शाळेच्या मंडळात शिक्षकांचे बहुमत असावे अशी अट घातली होती. १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. ती हुशार मुलांसाठी नव्हती. शिक्षण अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी होती.

पुढे काही वर्षांतच या शाळांची दिशा पाहून खुद्द शँकर त्यांचे टीकाकार बनले. तरीही त्यांचा प्रसार थांबला नाही. २०२१ च्या सुमारास त्यांची संख्या साडेसात हजारांच्या वर गेली होती आणि त्यांत सुमारे ३७ लक्ष मुले शिकत होती.

पहिली घंटा होण्यापूर्वी

आता अशी शाळा सुरू करण्याची रीत पाहू. पहिली घंटा होण्यापूर्वी वर्ष दीड वर्ष काम करावे लागते. प्रथम पाच-सात जाणत्या माणसांचा गट जमतो. त्यात अध्यापन जाणणारा, हिशेब जाणणारा आणि कायदा जाणणारा अशी माणसे लागतात. हा गट परिसरातील घरोघरी जाऊन विचारतो की, अशा शाळेची गरज आहे काय आणि मुले येतील काय. नंतर सनदेचा अर्ज लिहिला जातो. तो कित्येकदा शंभर पानांच्या वर जातो.

या अर्जात ‘आम्ही गणित व विज्ञानाला महत्त्व देऊ’ एवढे लिहून भागत नाही. तपासणारे नेमके प्रश्न विचारतात. गणिताला आठवड्यातून किती तास? शिकविणाऱ्याची पात्रता कोणती? प्रयोगशाळेसाठी किती रक्कम राखली आहे? सहावीला आलेल्या मुलास तिसरीचे गणित येत नसेल तर त्याला कोण, केव्हा आणि किती दिवस शिकवील? इंग्रजी न बोलणाऱ्या घरातील मुलाची आणि अपंग मुलाची काय व्यवस्था? तीन वर्षांनी कोणत्या चाचणीत किती प्रगती दाखवाल? ती न दिसल्यास काय कराल? या प्रश्नांची उत्तरे हीच खरी सनद. बाकीची पाने तिच्या आधारासाठी असतात.

अडचणीही कमी नाहीत. इमारतीसाठी पैसा मिळणे कठीण असते. अनेक शाळांचा आरंभ भाड्याच्या जागेत किंवा तात्पुरत्या खोल्यांत झाला आहे. म्हणून पुष्कळ संस्थापक एक-दोन इयत्तांनीच प्रारंभ करतात आणि दरसाल एक इयत्ता वाढवितात. उत्साहाच्या भरात एकदम सर्व वर्ग उघडणाऱ्या शाळेची घडी बसणे अवघड जाते.

कॅलिफोर्नियातील एक उदाहरण

एका शाळेची हकिगत थोड्या विस्ताराने सांगतो. १९९६ साली कॅलिफोर्निया राज्यात जनमतकौल होऊन सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी झाली. गरीब वस्त्यांतील मुले विद्यापीठापर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न अधिक तीव्र झाला. सॅन दिएगो येथील विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी सुचविले की, विद्यापीठाच्या आवारातच अशा मुलांसाठी सनदी शाळा काढावी. १९९७ साली हा प्रस्ताव विद्यापीठाने फेटाळला. लोकांत मोठी नाराजी उसळली, पुनर्विचार झाला आणि १९९९ साली ‘प्रॉइस स्कूल’ सुरू झाले.

या शाळेच्या प्रवेशाच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. कुटुंबाचे उत्पन्न कमी असले पाहिजे आणि घरात आईवडील पदवीधर नसले पाहिजेत. अशा अर्जदारांतून सोडत निघते. आपल्याकडील नवोदय विद्यालयांशी याची तुलना करून पाहा. १९८५-८६ मध्ये नवोदयची पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातील होते. ग्रामीण मुलांसाठी त्यांनी फार मोठे काम केले, याविषयी दुमत नाही. परंतु तेथे परीक्षेने निवडलेले मूल प्रवेश घेते. प्रॉइसमध्ये दैवाने चिठ्ठी निघालेले मूल येते, आणि त्याला विद्यापीठाच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी शाळा पत्करते.

या दाराची उंची ठरलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी माध्यमिक टप्प्यावर इंग्रजीची ४ वर्षे, गणिताची किमान ३, प्रयोगासह विज्ञानाची २ आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची २ वर्षे पूर्ण करावी लागतात. इतिहास, कला वगैरे अटी आणखी आहेत. गरीब वस्तीतील मूल नापास होऊन मागे राहते असेच नेहमी घडत नाही. त्याला सोप्या विषयांच्या तुकडीत बसविले जाते, ते उत्तीर्णही होते, आणि शेवटी कळते की या अटींपैकी दोन अपुऱ्या आहेत. म्हणून प्रॉइसने सोपी तुकडी ठेवलीच नाही. सर्वांना एकच अभ्यासक्रम लावला. मात्र त्याबरोबर शाळेचा दिवस लांबविला, वर्षाचे दिवस वाढविले आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांना या मुलांच्या शेजारी शिकवायला बसविले. अपेक्षा उंच ठेवायची आणि शिडी द्यायची नाही, हा अन्याय होय. येथे शिडीची तरतूद अपेक्षेबरोबरच झाली. पहिली तुकडी २००४ साली बाहेर पडली.

भाषेचा प्रश्न

भाषेवर भर देणाऱ्या शाळांचे उदाहरण मिनेसोटातच आहे. तेथे २००६ साली यिंगहुआ अकादमी ही सनदी शाळा निघाली. तिच्यात लहान मुलांना चिनी भाषा केवळ विषय म्हणून न शिकविता तिच्या माध्यमातूनच शिकवितात. हे वाचून कोणी म्हणेल की, मग आपण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवितो ते योग्यच झाले. येथे जरा थांबावे लागेल. त्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी, रस्त्यावर, दुकानात आणि दूरचित्रवाणीवर इंग्रजी आहेच. शाळेने तिच्यावर चिनीची भर घातली. आपल्या वाडीवरच्या मुलाच्या कानांवर शाळेबाहेर इंग्रजीचा शब्द क्वचितच पडतो.

आपल्या जिल्ह्यांत अनेक शाळांनी ‘सेमी इंग्रजी’ सुरू केले आहे. मुले गावातून बसने दूरच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली, पट घटला, तुकडी टिकविणे कठीण झाले आणि मग हा निर्णय झाला. मी त्याला दोष देत नाही. पालकांची इच्छा खरी आहे आणि इंग्रजी आलेच पाहिजे. परंतु माध्यम बदलणे हा गणित सुधारण्याचा कार्यक्रम नव्हे. ज्या मुलाला ‘समान वाटप’ कळलेले नाही, त्याला तेच इंग्रजी शब्दात सांगितल्याने भागाकार येत नाही. प्रथम वस्तू हातात, मग मराठीत बोलणे, मग लिहिणे, मग त्या कल्पनेचे इंग्रजी नाव, हा क्रम ज्या शिक्षकांनी पाळला त्यांच्या वर्गात दोन्ही भाषा नांदतात. गणित, विज्ञान आणि भाषा हे तीन निरनिराळे विषय नाहीत. शाब्दिक उदाहरण सुटत नाही तेव्हा चूक गणिताची की वाचनाची, हे आधी शोधावे लागते.

हिशेब काय सांगतो?

या शाळांनी काय साधले? स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, गणितात १७ टक्के सनदी शाळा तुल्य सरकारी शाळांपेक्षा सरस होत्या, ४६ टक्के शाळांत विशेष फरक नव्हता आणि ३७ टक्के शाळा मागे होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सरासरी चित्र सुधारलेले दिसले. वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अध्ययनाइतकी आघाडी मोजली गेली. या मोजणीच्या पद्धतीवरही वाद आहेत. परंतु शाळेच्या दारावर सनदेची पाटी लावल्याने मूल शिकत नाही, एवढे दोन्ही पाहण्यांतून स्पष्ट होते.

एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे. ओहायो राज्यात संगणकाद्वारे घरबसल्या शिकविणारी एक मोठी सनदी शाळा होती. जितकी मुले शिकत असल्याचे दाखवून तिने निधी घेतला तितकी मुले पुरेसा वेळ शिकत असल्याचा पुरावा तिला देता आला नाही. राज्याने सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले आणि २०१८ च्या जानेवारीत, भर शैक्षणिक वर्षात, ती बंद पडली. सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. हिशेब वेळच्या वेळी मागितला नाही तर त्याची किंमत मुले भरतात.

आपली जुनी परंपरा

सरकारी साहाय्य आणि लोकांची संस्था हा मेळ आपल्याला नवा नाही. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर अनुदानाची पद्धत आली आणि तिच्या आधारे महाराष्ट्रात शेकडो शाळा उभ्या राहिल्या. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सदस्य अल्प वेतनावर किमान २० वर्षे सेवा करण्याचे वचन देत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ते वचन पूर्ण केले. १९१९ साली भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गावाने मूठमूठ धान्य द्यावे, मुलांनी श्रम करावेत आणि संस्थेने त्यांना शिकवावे, असा तो व्यवहार होता. सनद हा शब्द तेथे नव्हता. दिलेला शब्द मात्र होता.

आज आपल्या हाती कायदाही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा आहे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, शासन किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्या योजना आणि अनुदाने यांना हा आराखडा आधारभूत राहील. मित्रहो, हे वाक्य पुन्हा वाचा. एका बाजूला शाळा काय करील ते लिहिते, दुसऱ्या बाजूला शासन त्यावर आपली तरतूद बेतते. सनद याहून वेगळी काय असते?

एक कबुली

आता स्वतःविषयी थोडे सांगतो. नोकरीत असताना एका तालुक्यातील सुमारे चाळीस शाळांचे आराखडे माझ्या टेबलावर आले. संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पत्रे बदलणे हे सर्वांत होते आणि ते आवश्यकही होते. गुणवत्तेच्या रकान्यात प्रत्येकाने एकच वाक्य लिहिले होते, ‘विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढविणे’. एका शाळेच्या आराखड्यात तर शेजारच्या गावाचे नाव तसेच राहून गेले होते. मी ते नाव दुरुस्त केले आणि सर्व आराखड्यांवर सही केली.

त्यानंतर महिन्याभरात त्याच शाळेच्या समितीच्या बैठकीला गेलो. मुख्याध्यापकांनी आराखडा वाचून दाखविला. समितीतील एक बाई शेतावरून तशाच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, ह्या कागदात भिंत हाय, टाकी हाय. माझ्या पोरीला भागाकार कवा येणार, ते कुठं लिवलंय?” त्यांची मुलगी पाचवीत होती. माझ्यापाशी उत्तर नव्हते. भिंत पुढे दोन वर्षांनी झाली. तोवर मुलगी सातवीत गेली होती. तिला भागाकार आला की नाही, हे मी पाहिले नाही. माझ्या तपासणीच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता.

काय घ्यावे, काय घेऊ नये

अमेरिकेतून शाळा बंद करण्याचे हत्यार आपण उचलू नये, असे माझे मत आहे. ज्या गावात एकच शाळा आहे तेथे ती बंद करणे ही शिक्षा शाळेला होत नाही, मुलांना होते. विशेषतः मुलींना, कारण शाळा लांब गेली की प्रथम त्यांचे नाव पटावरून कमी होते. सार्वजनिक शाळा दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होणे, हाही सनदेचा अर्थ नव्हे.

घेण्यासारखे आहे ते मुदतीचे लेखी वचन, आणि त्याखालच्या दोन सह्या. आराखड्याला एक पान जोडावे आणि त्यावर शाळेने मराठीत, गावाला कळेल असे लिहावे. गणितात : तिसरीच्या अखेरीस किती मुलांना हातच्याची वजाबाकी आणि पाचवीच्या अखेरीस किती मुलांना भागाकार येईल. विज्ञानात : सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाने वर्षात स्वतःच्या हाताने कोणते प्रयोग केलेले असतील. भाषेत : अनोळखी मराठी उतारा वाचून त्याचा आशय किती मुले सांगू शकतील आणि इंग्रजीत साधे संभाषण किती करतील. आज किती मुलांना येते, तो आकडाही शेजारी खरा लिहावा. तो लहान असला तर लाजू नये. खोट्या मोठ्या आकड्यापेक्षा तो उपयोगी आहे.

त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला पंचायतीने आणि अधिकाऱ्याने लिहावे. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची रिक्त जागा केव्हा भरली जाईल. प्रयोगाचे साहित्य कोणत्या महिन्यात पोहोचेल. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापनाचे सांगितले आहेत. त्यांपैकी किती दिवस शिक्षकाला इतर कामांसाठी बोलाविले गेले, याची नोंदही तेथेच राहील. शाळेची सही एका बाजूला आणि आपली सही दुसऱ्या बाजूला असली की, मग कोणाचा शब्द राहिला आणि कोणाचा पडला, हे ग्रामसभेला विचारावे लागत नाही. दिसते.

हे पान २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचले जावे आणि वर्षाच्या अखेरीस, १ मे रोजी, त्याचा हिशेब सांगितला जावा. मूल मागे असेल तर शिक्षकावर तुटून पडण्यासाठी ही सभा नाही. काय कमी पडले ते उघडपणे ठरविण्यासाठी आहे. ‘निपुण भारत’ कार्यक्रमाने २०२१ पासून पायाभूत वाचन आणि गणिताची उद्दिष्टे देशभर घालून दिली आहेत. ती वरून आली आहेत. त्यांतील आपल्या गावाचा वाटा किती, हे गावानेच लिहिले पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. कोरा कागद आणि खरे बोलण्याची तयारी लागते. समोर बसलेल्या अधिकारी मित्रांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी आराखडा सहीसाठी समोर येईल तेव्हा भागाकाराची ओळ शोधा. ती नसेल तर सही करू नका, आणि शाळेला नुसता परत पाठवू नका. त्या गावी जा, त्या बाईंच्या शेजारी बसा आणि ती ओळ तेथे लिहून घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.